नारळाआधी सापडलेली वायर

नवा कॉम्प्युटर जोडून मी बटण दाबलं आणि काहीच झालं नाही. पंखा फिरला नाही, दिवा लागला नाही. काय बिघडलं, असं कुणी विचारेल असं मला वाटलं होतं. आई स्वयंपाकघरातून म्हणाली, "नारळ फोडला नाहीस ना."

आमच्या इंदिरानगरच्या फ्लॅटमध्ये फ्रिज आला, मिक्सर आला, स्कूटर आली, तेव्हा प्रत्येकाला हळदकुंकू लागलं आणि नारळ फुटला. या यंत्राला मी ते लावू दिलं नव्हतं. कारण ते घेतलंच होतं पत्रकांसाठी. बाबा माझ्या लहानपणापासून बुवाबाजीविरुद्ध पत्रकं काढत आले. करणी, अंगात येणं, हवेतून काढलेली विभूती, सगळ्यामागची कारणं साध्या भाषेत लिहून ते आठवडी बाजारात वाटायचे. मी वाचायला शिकले त्या पत्रकांवर, आणि त्यांच्या घड्या घालत मोठी झाले. आता पत्रकं मी लिहिते. जवळच्या वस्तीत एक महाराज आजारी माणसांच्या पोटातून खडे काढून दाखवतो. त्याच्यावरचं पत्रक रविवारच्या बाजाराआधी छापायला द्यायचं होतं आणि जुना लॅपटॉप मेला होता. म्हणून सुटे भाग आणून मी हा कॉम्प्युटर घरीच जोडला.

आईने आत्याला फोन लावला. आत्या बाबांची मोठी बहीण, विंचूरला असते, कांदा करते. फोनच्या स्पीकरवरून तिचा आवाज घरभर पसरला. "हात नको लावू आता त्याला. मी येतेच हाय संध्याकाळी, लग्नाची खरेदी हाय. नारळ घेऊन येते. आम्ही ट्रॅक्टरला फोडला, विहिरीवरच्या मोटारीला फोडला. एकबी बंद पडलं नाय."

"मोटार जळाली होती ना, आत्या?"

"ती लाईटमुळं."

"मग हेही लाईटमुळंच असेल."

"लय बोलतीस तू," म्हणून तिने फोन ठेवला.

मी बाबांकडे पाहिलं. पेपरमधून डोकं न काढता ते म्हणाले, "येऊ दे तिला. एका नारळाने काय जातं?"

जातं की. नारळ फुटून यंत्र चालू झालं असतं तर नात्यातल्या प्रत्येक लग्नात ही गोष्ट सांगितली गेली असती: पोरगी पत्रकं लिहिते, पण तिचं मशीन शेवटी नारळानेच चालू झालं. त्यानंतर मी त्या महाराजाबद्दल कुठल्या तोंडाने लिहिणार होते? आत्या पोहोचायच्या आत मला कारण सापडायला हवं होतं.

सुरुवात भिंतीपासून केली. सॉकेटमध्ये वीज येते का ते पाहायला हाताशी दुसरं काही नव्हतं, म्हणून देवघरातला विजेचा दिवा काढून आणला. तो लागला. आई दारात उभी होती. "देवालाही कामाला लावलंस," ती म्हणाली. दिवा मी परत नेऊन ठेवला.

मग कॉम्प्युटरच्या डब्याच्या मागचं वीजपुरवठ्याचं बटण. चालू होतं. आतला जाड प्लग काढून पुन्हा दाबून बसवला. काही नाही. मग राहिलं डब्यावरचं चालू करायचं बटण. ते वगळूनही यंत्र सुरू करता येतं. त्याची वायर काढून, माहितीपुस्तिकेत तिच्यासाठी दाखवलेल्या दोन बारीक पिनांना मी स्क्रूड्रायव्हरचं टोक क्षणभर टेकवलं.

पंखा फिरला.

म्हणजे यंत्र धडधाकट होतं. बटणाची वायर मी शेजारच्याच पिनांवर बसवली होती, एवढंच. चूक माझी होती आणि मला तिचा आनंद झाला. माझी चूक मला दुरुस्त करता येते. देवाच्या कोपाचं काय करणार? मी सगळं बंद केलं आणि बाबांना हाक मारली.

त्यांनी वाकून पाहिलं. खूश झाले, मग स्वयंपाकघराकडे बघत आवाज खाली आणला. "वायर नीट लावून ठेव. चालू मात्र करू नकोस. ताई येईल, नारळ फोडेल, मग तू बटण दाब. तिचं समाधान होईल, विषय संपेल."

मला आधी वाटलं, ते थट्टा करतायत.

"बाबा, महाराज खडा आधी बोटांत लपवतो आणि मग पोट चोळतो. हे तुम्हीच शिकवलंत मला."

"घरातल्या माणसांशी इतकं ताणायचं नसतं."

"मग बाहेरच्यांशी कशाच्या जोरावर ताणायचं?"

ते पेपर उचलून गॅलरीत गेले. मी वायर लावली नाही. डब्याबाहेर लोंबती ठेवली, येणाऱ्याला दिसेल अशी.

आत्या आली ती पिशवीतला नारळ हातात घेऊनच. मी म्हटलं, "आत्या, बिघाड सापडलाय. ही बटणाची वायर. ती लावली की मशीन चालू होतं. अजून लावलेली नाही. तू नारळ फोड आणि बटण दाब."

"मला येडी समजतीस व्हय? वायर नसताना कसं चालू होईल?"

"तेच म्हणतेय मी."

तिने बाबांकडे पाहिलं. मग ती गॅलरीच्या उंबऱ्याशी बसली, एका फटक्यात नारळ फोडला, पदराला हात पुसत आली आणि बटण दाबलं. काही झालं नाही. तिने पुन्हा दाबलं, जरा जोरात.

"लाव बाई तुझी वायर," ती म्हणाली.

मी वायर लावली आणि बटण तिलाच दाबायला सांगितलं. पंखा फिरला, पडदा उजळला. आत्या खुर्चीत टेकत म्हणाली, "झालं ना चालू? तुझी वायर बी लागली, माझा नारळ बी फुटला." आई हसली, मीही हसले. खोबरं मी खाल्लं. माझं भांडण नारळाशी नव्हतं.

पत्रक त्याच संध्याकाळी लिहिलं. त्यात एक वाक्य घातलं: चमत्कार करणारा आधी सगळी तयारी करून ठेवतो आणि मगच तुम्हाला हात जोडायला सांगतो. माझं प्रत्येक पत्रक बाबा तपासतात आणि लाल पेनाने निम्मं खोडतात. त्या वाक्यापाशी त्यांचं पेन बराच वेळ थांबलं. मी शेजारीच उभी होते, हलले नाही. त्यांनी वाक्य तसंच ठेवलं आणि खाली वाचायला लागले.