भादव्यात दाखवायचं घर

मी पहिल्यांदा गाव सोडलं त्या दिवशी मायनं घर झाडलं नव्हतं.

बाबा माझी पेटी डोक्यावर घेऊन पुढं चालत होते. आमचे हे लग्नातल्याच पॅन्टवर त्यांच्या मागं, आणि त्यांच्या मागं मी, पायातले नवे जोडे पहिल्याच दिवशी लागत होते म्हणून लंगडत. किन्हीराजाच्या फाट्यावर जीप हलली तरी माय फाट्यावर आली नाही. ती दारातच उभी राहिली. झाडू तिनं दारामागं सारून ठेवला होता. आमच्याकडं घरचं माणूस परगावाला निघालं की ते पोचल्याची खबर येईपर्यंत मागं राहिलेल्यांनी घर झाडायचं नाही. नवस, उपासतापास बाबांनी घरातून केव्हाच काढून टाकले होते, संध्याकाळी बुद्धवंदना तेवढी व्हायची. पण ही एक गोष्ट मायनं शेवटपर्यंत सोडली नाही. तिचं म्हणणं एवढंच होतं की गेलेल्या माणसाची पावलं आपणच कायले पुसावी?

वाशीमहून रेल्वेनं हैदराबादेला पोचल्यावर मी बूथवरून फाट्यावरच्या दुकानात फोन केला. दुकानदार निरोप द्यायचा विसरला. दोन दिवस घरात कचरा. बाया मायला विचारायच्या, "काहून वं, झाडू चोरीले गेला का तुया?" माय हसायची आणि झाडायची नाही.

हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, जे तिथंच राहिलात त्यांच्यासाठी, आणि माझ्यासारख्या निघून आलेल्यांसाठीही. लिहायची मला सवय नाही. आठवीत सोयाबीन सोंगायला माणूस पाहिजे म्हणून महिनाभर शाळेत गेले नाही, मग जायची लाज वाटली, मग गेलेच नाही. जे काही लिहिता येतं ते हॉस्टेलच्या मॅडममुळं. मी मुलींच्या हॉस्टेलमध्ये रोटीवर आहे. सुरुवातीला भांड्यावर होते. मॅडम रोज मला पाटीवर उद्याची भाजी लिहायला लावायच्या, चुकलं तर पुसून परत. रागावल्या नाहीत कधी. आमचे हे जवळच्याच अपार्टमेंटला वॉचमन आहेत. आम्हाला कोणी वाईट वागवलं नाही, हे आधीच सांगते. आपल्याला मिळालं ते बोलून दाखवलं नाही तर मला रात्री झोप लागत नाही.

आता घराचं.

आमचं जुनं घर गावाच्या उताराला होतं. घरं बांधायची कडक, पांढरी जमीन गावाच्या मधल्या लोकांच्या घरांखाली. आमच्या वस्तीच्या वाट्याला उताराचा शेवट आला होता. साऱ्या गावाचं पाणी आमच्या दारावरून जायचं. मी कमवायला लागले तसं बाबांच्या डोक्यात बसलं की घर रोडवर बांधायचं. रोडला लागून आमच्या वावराचा एक पट्टा होता. बाबा म्हणायचे, "एसटीतला माणूस खिडकीतून पाह्यला पायजे. म्हणला पायजे, हे कोनाचं घर?" कोणी टोमणा मारला की लेकीच्या पैशावर बांधून राह्यला, तर म्हणायचे, "तुया पोराचे पैसे दारूत जातेत, माया पोरीचे भिंतीत जाऊन राह्यले."

पण तो पट्टा काळ्या मातीचा. ही माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढी फाटते. तिच्यावर घर ठेवायचं तर ती सगळी उकरून खाली मुरूम लागेपर्यंत जावं लागतं, हे आमच्याकडं लहान लेकरालाही माहीत असतं. बाबांनाही माहीत होतं. ते छातीएवढे खाली गेले, मुरूम लागला नाही. आभाळ भरून आलं होतं, गड्डे पाण्यानं भरले असते तर वर्ष गेलं असतं. त्यांनी तिथंच पाया भरला. वर स्लॅब टाकला, रोडकडून आणि पुढच्या खोलीत आकाशी रंग दिला. गृहप्रवेशाच्या दिवशी मी आले होते. बाबा पाहुण्यांना आत कमी आणि रोडवर नेऊन जास्त घर दाखवत होते.

बाबा गेल्यावर माय तिथं एकटी राहिली. मी रोज व्हिडिओ कॉल करायची. ती नेहमी एकाच भिंतीला टेकून बसायची, मागं आकाशी रंग आणि बाबांचा फोटो. मी हॉस्टेलच्या पोरींना दाखवायची, हे आमचं घर. जेवली का, गोळी घेतली का, गॅस बंद केला का, तीनदा विचारायची. ती तिन्हीला हो म्हणायची.

मग ती अंगणात पडली, पाय मुरगळला, आणि मी ठरवलं की घर विकून तिला इकडं आणायचं. मला वाटलं होतं रडेल. ती लगेच म्हणाली, "ईकून टाक. पन गोदामवाल्याले दे एखाद्या." मला वाईट वाटलं. ज्या घरासाठी मी सणाला नवं लुगडं घेतलं नाही, त्याला ही एका वाक्यात मोकळी झाली.

त्याच सुमाराला मॅडमनं आपला एक फ्लॅट विकला होता. विकायच्या आधी त्यांनी स्वतःच इंजिनियर बोलावून तपासून घेतला. मी विचारलं तर म्हणाल्या, "पहले अपनी आँख से देखना अम्मा, फिर दूसरे को दिखाना." मला ते फार पटलं. पुढं कोणी आपल्या नावानं बोटं मोडू नये याची मला जन्माची धास्ती. मी मायच्या भावाला, शेषराव मामाला, फोनवर सांगितलं की आधी घर तपासून घेऊ. मामा इतके हसले की खोकला लागला.

"सोयरीक जमवतानी पोरीचे दात मोजून देते का वं कोनी?" ते म्हणाले. "आपल्याच घराच्या खोड्या काढाले आपनच मानूस आनायचा? हे हैदराबादचं इथं नोको आनू. घर दाखवायचं त भादव्यात दाखवजो."

भादव्यात का, हे तुम्हाला सांगायला नको. जे निघून आले त्यांच्या पोरांसाठी सांगते. काळ्या मातीवरच्या घराला वैशाखात भेगा पडतात आणि पाऊस लागला, माती फुगली की त्या आपोआप मिटतात. भादव्यात हात फिरवला तरी कळत नाही. आमच्याकडं असं घर पाहायला शहाणा माणूस उन्हाळ्यात येतो आणि विकणारा त्याला पावसाळ्यात बोलावतो. मामा वाईट माणूस नाहीत. बाबा गेल्यावर मायच्या घरात पहिलं पोतं गव्हाचं त्यांनीच टाकलं होतं. बहिणीला चार पैसे जास्त मिळावेत एवढंच त्यांच्या मनात होतं. गिऱ्हाईकही त्यांनीच शोधलं, पण गोदामवाला नाही. वंदनाताई, अंगणवाडीच्या. नवरा नाही, दोन पोरी, टिनाच्या एका भाड्याच्या खोलीत राहायच्या. रोडवरचं घर, पोरींची शाळा समोर. त्यांनी घर आतून पाहिलं पण नव्हतं, बाहेरूनच हो म्हणाल्या होत्या.

मला सुट्टी मिळते ती हॉस्टेल रिकामं होतं तेव्हा, म्हणजे भर उन्हाळ्यात. म्हणून इंजिनियर वैशाखातच आला.

वाशीमचा तरुण पोरगा होता. चपला बाहेर काढून आत आला. छोटी हातोडी होती, भिंतीला टकटक करून कान द्यायचा, जसं आपण मडकं घेताना वाजवून पाहतो. आकाशी भिंत चांगली वाजली. मी मनातल्या मनात सुटले. मग तो आतल्या खोलीत गेला आणि म्हणाला, कपाट सरकवू का?

माय म्हणाली, "ते जड आहे. राहू द्या."

मी आणि त्यानं मिळून सरकवलं. मागं खिडकीच्या कोपऱ्यापासून खाली पायापर्यंत भिंत तिरपी फाटली होती. भेगेत चिंध्या कोंबल्या होत्या. त्यानं एक ओढली, ती लांबतच आली. माझी साडी होती, मागं मीच पाठवलेली, हिरवी. मी विचारायची, माय, ती हिरवी नेसली का? ती म्हणायची, हो. चिंधी निघाली तशी बाजूच्या भिंतीच्या त्या भेगेतून तिरका रोड दिसला. एक ट्रक जाताना दिसला मला.

तो वर पाहत राहिला. स्लॅबचा पोपडा निघून गज उघडे पडले होते, खाली मायनं घमेलं ठेवलं होतं. पडलेलं सिमेंट ती रोज त्यातून भरून टाकत असावी. मग माझ्या लक्षात आलं की या खोलीत तिची खाटच नाही. खाट बाहेर, टिनाच्या पडवीत होती. मला वाटायचं उकाड्यामुळं बाहेर झोपते. थंडीतही ती तिथंच झोपत होती.

इंजिनियरनं तिला विचारलं, मावशी, हे केव्हापासून?

"असंच आहे," माय म्हणाली. "उनाळ्यात उघडते, पान्यात मिटते."

"दरवर्षी जास्त उघडते ना?"

माय वाकून घमेलं सरकवायला लागली.

तो मला बाहेर घेऊन गेला. म्हणाला, ताई, दुरुस्तीनं हे होणार नाही, पायाच हलतो आहे. स्लॅब पुढची दहा वर्षं राहील किंवा या पावसाळ्यात येईल, मी सांगू शकत नाही. पण माझी आई असती तर आज रात्री आत झोपू दिली नसती. मी त्याचे आभार मानले. त्या पोरानं चहा पण घेतला नाही, तिथं थांबायला त्यालाच जड जात होतं.

संध्याकाळी मामा आले. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले की ऐकलं आपण तिघांनी, चौथ्याला कळायचं कारण नाही. चार महिने थांबायचं, भेगेत सिमेंट भरायचं, रंग मारायचा, भादव्यात वंदनाले आत न्यायचं. दहा वर्षं म्हणते ना तो? दहा वर्षांत तिच्या पोरी नांदाले जातीन.  खरं सांगते, माझं मन मामाकडं झुकत होतं. इतक्या वर्षांच्या रोट्या होत्या त्या भिंतीत, आणि मायला हैदराबादेत कुठं ठेवायचं तेही त्याच पैशावर होतं.

माय जोडे घालायला लागली. मुरगळलेला पाय, तरी काठी न घेता निघाली. मामा म्हणाले, "कुठं चालली वं?"

"वंदनाकडं."

"काहून?"

"मी गोदामवाला पाह्य म्हनलं होतं, दादा. पोत्यावर पडलं त पडलं. तिच्या पोट्ट्या झोपतीन त्याच्याखाली." दारात थांबून ती म्हणाली, "मी झोपत नोती, त तिच्या पोट्ट्यांले कशी झोपवू?"

मी तिच्या मागं गेले. वंदनाताई दारात भाजी निवडत होत्या. मायनं उभ्यानंच सगळं सांगितलं, स्लॅब, भेग, चिंध्या, काही ठेवलं नाही. वंदनाताईंनी हातातली जुडी खाली ठेवली. मला वाटलं पाया पडतील, उपकार मानतील. त्या म्हणाल्या, "बरं केलं सांगतलं, मायबाई." आणि मग खाली मान घालून, "पन मनात येते, नसतं सांगतलं त बरं झालं असतं. पोट्ट्याईनं खोल्या वाटून घेतल्या होत्या."

परत येताना मायला मी विचारलं, मला का नाही सांगितलं कधी. ती म्हणाली, "तुनं बांधलं. तुले काय सांगू, तुयं घर फाटून राह्यलं म्हनून?"

पुढचं थोडक्यात. जागा तेवढी विकली गेली. टायरवाल्यानं घेतली, त्याला पक्कं घर नको होतंच, टिनाचं शेड टाकायचं होतं. घर पाडून द्यायची अट होती. मामांनी तोंड फिरवलं नाही, जेसीबीवाल्याशी तेच बोलले. वंदनाताई अजून त्याच खोलीत आहेत. दिवाळीला मी फोन केला तर चांगलं बोलल्या, पण मला फोन ठेवल्यावर घाम आला होता.

घर पाडायच्या आदल्या दिवशी आम्ही सामान काढलं. बाबांचा फोटो आमच्यासोबत, कपाट मामाकडं, खाट वंदनाताईंकडं. रिकाम्या घरात मी पाहिलं तर माय आतल्या खोलीत नाही, आकाशी भिंतीच्या खोलीत झाडू घेऊन वाकलेली. कोपरे झाडत होती, दाराच्या फटीतली माती काढत होती. मी म्हटलं, माय, उद्या पाडायचं आहे, आणि आपण आताच निघालो, निघताना झाडत नाहीस ना तू कधी?

ती थांबली नाही. म्हणाली, "ते मांगं राह्यलेल्याईनं झाडायचं नसते. आता मांगं कोन राह्यलं?"

झाडून झाल्यावर तिनं झाडू दारामागं ठेवला, सवयीनं, आणि आम्ही फाट्यावर गेलो.

आता ती इथं आहे, आमच्या एका खोलीत, तिसऱ्या मजल्यावर. तिला बोलायला कोणी नाही. शेजारीण तेलुगू बोलते, ही वऱ्हाडी, दोघी एकमेकींना कोथिंबीर देतात. पहिल्या दिवशी तिनं बोटाच्या पेरानं भिंतीवर टकटक करून पाहिलं, मग मला विचारलं, "याच्याखाली कोनती माती आहे वं?" मला माहीत नव्हतं. अजूनही नाही. घरमालकाला विचारायची हिंमत होत नाही. पावसाळ्यात ती इथली खाट दाराजवळ ओढून घेते. आमचे हे पाय आखडून झोपतात. किन्हीराजाहून जाणाऱ्या एसटीतला माणूस आता खिडकीतून टायर पाहतो.

गाव कुठलं असं कोणी विचारलं तर मी किन्हीराजाच सांगते. घर कुठं आहे असं विचारलं तर मला थोडा वेळ लागतो.

सकाळी अंधार असतानाच मी कामावर निघते. हॉस्टेल दोन गल्ल्या पलीकडं, चालत गेलं तरी चहा गरम राहील एवढ्या अंतरावर. पहिली रोटी तव्यावर टाकायच्या आधी पिठाच्या हातानंच फोन लावते. ती पहिल्या रिंगला उचलते, कारण ती खोलीच्या मधोमध बसलेली असते, झाडू मांडीवर घेऊन.

"पोचली, माय," मी म्हणते. "झाड आता."