देवकोंडकरांची कतार शाखा

मालविका देवकोंडकर मूळची नाशिकची. लग्न झालं आणि नवऱ्याच्या नोकरीमागे ती लगेच दोह्याला आली, त्यामुळे ज्या गावाचं नाव तिला चिकटलं ते कोकणातलं देवकोंड तिने कधी पाहिलंच नाही. तरी ते तिच्या डोळ्यांपुढे असायचं. दोह्याच्या कडेला, मुऐदरमधल्या त्यांच्या घराच्या गच्चीवर संध्याकाळी ती वाळलेले कपडे काढायला जायची. वर्ल्डकपसाठी उभं राहणारं स्टेडियम धुळीत विरघळून जायचं, क्रेनवर लाल दिवे लागायचे, आणि तिला वाटायचं, खाडीपलीकडच्या वाडीत दिवेलागण झाली. आता कोणीतरी होडीवाल्याला हाक मारेल.

हे गाव तिला नफिसाने दिलं होतं.

झालं असं की, नव्वदच्या दशकाच्या सुरुवातीला, या देशात आपलं कोणी नाही म्हणून कंटाळलेल्या प्रतापने, म्हणजे मालविकाच्या नवऱ्याने, टेलिफोन डिरेक्टरीत स्वतःचंच आडनाव शोधलं. एक सापडलं. फोन उचलणारा बंदरात टगबोटीवर काम करत होता.

"कुठले देवकोंडकर तुम्ही?" प्रतापने विचारलं.

"खाडीवरचे. आणि तुम्ही?"

"आम्हीही तिथलेच म्हणे. मी प्रताप."

"मी फजल. शुक्रवारी जेवायला या."

फजल दोह्याच्या नजमा या जुन्या वस्तीत दोन खोल्यांत राहायचा. तिथे त्याच्या बायकोने, नफिसाने, पाहुणे मासमच्छी खात नाहीत म्हणून नवं पातेलं आणून वालाची उसळ केली होती. तांदळाच्या भाकऱ्या थापता थापता ती गावाबद्दल बोलत राहिली. मालविकाला त्या जेवणातलं फारसं काही आठवत नाही. आठवतं ते हे, की परतताना टॅक्सीच्या खिडकीतून तिला रस्ता दिसत नव्हता, माडांच्या सावल्या दिसत होत्या.

पुढे आणखी देवकोंडकर आले. कोणी पुण्याहून, कोणी मुंबईहून, गॅस कंपनीत, बँकेत नोकरीला. पुण्याच्या देवकोंडकर कुलमंडळाने रीतसर मान्यता दिली, कतार शाखा झाली. दर हिवाळ्यात मेळावा व्हायचा. फजल आणि नफिसा प्रत्येक मेळाव्याला यायचे, वाढायला मदत करायचे, फोटोत मात्र कडेला सरकायचे. त्यांना या म्हणायला कोणी विसरलं नाही, सभासद व्हा असंही कोणी म्हटलं नाही.

दोह्यात मेट्रो सुरू झाली त्या वर्षी पुण्याहून मंडळाचे चिटणीस विजयकुमार यांचा फोन आला. कुलवृत्तांताची नवी आवृत्ती निघत होती, कतार शाखेचा इतिहास मालविकाने लिहायचा होता. तिने पहिलंच वाक्य लिहिलं, ‘शाखेची पहिली बैठक श्री. फजल देवकोंडकर यांच्या घरी झाली,’ आणि पाठवून दिलं.

"वहिनी, हा कुळाचा ग्रंथ आहे," विजयकुमार सौम्यपणे म्हणाले. "त्यांचं नाव यात कुठल्या शाखेखाली घालू? तुम्ही प्रतापरावांचं घर लिहा ना."

"आमच्याकडे तेव्हा चार माणसांना बसायला जागा नव्हती."

"तरी पाहा जरा."

मालविकाने ते वाक्य तसंच ठेवलं. त्याच आठवड्यात नफिसाने कळवलं की नजमातली त्यांची इमारत पाडणार आहेत. फजल रिटायर झाला होता. "दुसरी खोली कुठे शोधायची आता? खलास. गावाला जातो."

मालविका गेली तेव्हा जिन्यात गाद्यांच्या गुंडाळ्या उभ्या होत्या. समोरची इमारत आधीच गेली होती, त्यामुळे खोलीत कधी नव्हे तेवढं ऊन आलं होतं. त्या उन्हात नफिसा दुलया घडी करत होती.

"आपा, गावाचं परत सांगा," मालविका म्हणाली आणि फोन रेकॉर्डिंगला लावून दुलईचं दुसरं टोक धरलं.

नफिसा सांगू लागली. भरतीचं पाणी माजघरापर्यंत यायचं. की अंगणापर्यंत? तिला नक्की आठवेना. देवळामागे सुरंगीचं झाड होतं, वास होडीत यायचा. "आणि शिमग्यात पालखी यायची. तुमची घरं बंद, सगळे पुण्याला. मग पालखी थांबणार कुठे? आमच्या ओसरीवर टेकायची. सासूबाई पाट मांडून वाट बघायच्या. देवी दमली असेल म्हणायच्या."

"आमची देवी?"

"गावची," नफिसा म्हणाली आणि दुलईची घडी छातीशी धरली.

मालविकाने ते रेकॉर्डिंग पुण्याला पाठवलं. सोबत एक ओळ लिहिली: शाखेचा इतिहास इथून सुरू होतो, हे नको असेल तर आमचं पानच नको. प्रतापने वाचून होकारार्थी मान हलवली.

दोन दिवस फोन नाही. मग विजयकुमारांचा आला. "आजोबांनी घराला कुलूप लावलं तेव्हा माझे वडील कडेवर होते. आमच्या ग्रंथात तेवीसशे नावं आहेत वहिनी, पण गावावर एक पान नाही. लिहायला तिथे राहिलेलं कोणी आमच्यात नव्हतंच." मग म्हणाले, "वंशावळ मी बदलू शकत नाही. पण गावाचं प्रकरण नफिसाबाईंच्या नावाने पहिलं घेऊ. तुमचं वाक्यही राहू दे."

निरोपाचा मेळावा मुऐदरच्या गच्चीवर झाला. प्रतापने हे सगळं सांगितलं. एकदोघांच्या चेहऱ्यावर नाराजी होती, ती त्यांनी बिर्याणीबरोबर गिळली. श्रेयस, प्रतापचा मुलगा, इंग्रजीत म्हणाला, फोटो काढायचाय, सगळे जवळ या. फजल सवयीने कडेला निघाला, तर प्रतापने त्याचा दंड धरला. "बस की इथे. कुठे चाललास?"

फजल मध्ये बसला. पलीकडे लखलखत्या दिव्यांत स्टेडियमचं छप्पर चढत होतं. मालविकाने नफिसाला हळूच विचारलं, खरं गाव असंच दिसतं का, मला दिसतं तसं?

"मला काय ठाऊक, तुला कसं दिसतं," नफिसा हसली. "येऊन बघ. पावसाळ्यानंतर ये, तेव्हा वाट चांगली असते."