सात कोनाडे

देवरीच्या कॉलेजात मी सव्वीस वर्षं इतिहास शिकवला, पण स्वतः शोधलेलं असं काही माझ्या नावावर नव्हतं. निवृत्तीला दोन वर्षं उरली तेव्हा चिचगडपलीकडच्या डोंगरातली जुनी खदान मी अभ्यासाला घेतली. दुसरं कोणी ती मागत नव्हतं.

तिथे पूर्वी लोखंडाचा दगड निघायचा, एवढंच ठाऊक होतं. किती पूर्वी, ते मी सरपंचाला, वनरक्षकाला आणि शाळेतल्या गुरुजींना विचारलं. तिघंही माझ्यापेक्षा लहान. त्यांना काही सांगता येईना, म्हणून खदान फार प्राचीन असणार असं मी धरून चाललो.

दर रविवारी स्कूटरवर टेप, टॉर्च आणि वही घेऊन जायचो. डोंगराच्या पोटात आडवी गेलेली पोकळी आणि तिच्या तोंडापाशीच, उजेड पोहोचतो तिथे, डाव्या भिंतीत कमरेच्या उंचीवर ओळीने खोदलेले सात कोनाडे. प्रत्येक दीड हात लांब, तळ गुळगुळीत. नागपूरच्या ग्रंथालयात चार चकरा मारल्या; एका कागदावरही या खदानीचा उल्लेख नव्हता. मला तोही प्राचीनतेचाच पुरावा वाटला. कोनाडे दिव्यांसाठी होते असं मी निबंधात लिहिलं. काजळी कुठेच नव्हती. ती काळाच्या ओघात धुऊन गेली, असंही लिहिलं.

परिसंवादात टाळ्या पडल्या. पेपरात कोनाड्यांपुढे उभा असलेला माझा फोटो आला. ग्रामपंचायतीने वाटेवर ‘प्राचीन गुंफा’ असा बोर्ड लावला.

माझी सासू तेव्हा आमच्याकडेच राहायची. तिला वाचता येत नव्हतं, पण फोटो ती बारकाईने बघायची.

“जवाईबापू, हे तं आमची खदान होय,” ती म्हणाली. “इथं काऊन उभे हा तुमी?”

मी तिला दिव्यांचं समजावून सांगितलं.

“दिवे कायले लावतील? दिवसा काम चाले. आमी लेकरं ठेवत होतो त्याच्यात. खाली ठेवलं तं मुंग्या, इंचू. आमी सात जणी लेकुरवाळ्या होतो, टोपल्यानं गोटे वाहत होतो. माणसायनं सब्बलीनं खोदून देले, आमी शेणानं सारवले.” तिने फोटोवर बोट ठेवलं. “हे तिसरं तुमच्या बायकोचं.”

“आई, मग इतके दिवस सांगितलं काऊन नाही?”

“तुमी इचारलं कधी? तुमी तं नागपूरले जाऊन राहिले होते.”

बायको स्वयंपाकघरातून बाहेर आली. फोटो बघून म्हणाली, “मग मी किती प्राचीन, तेवढं लिहून टाका.”

पुढच्या रविवारी सासूला ऑटोत बसवून तिथे नेलं. माझ्या निबंधाचा परिणाम आधीच पोहोचला होता. कोनाड्यांत पणत्या होत्या, एकात नारळ होता. सासूने एकेका कोनाड्यावर हात ठेवत नावं सांगितली, आईचं आणि लेकराचं. सातव्यापाशी थांबली. तिथली पणती अजून जळत होती.

“याचं पोट्टं तापानं गेलं. मंग ते बाई कामाले आलीच नाही. कोनाडा तसाच रायला.”

मी पणती विझवायला पुढे झालो. तिने माझा हात धरला. “राहू द्या. कोणी तं दिवा लावला.”

मी सरपंचाला गाठून खरं सांगितलं. तो म्हणाला, “सर, बोर्ड रंगवून झाला. अन् लेकरं झोपत होती, हे पाहायले कोण येईल?” दुरुस्तीचा निबंध पाठवला, तो परत आला. तोंडी माहितीला आधार काय, असं परिसंवादवाल्यांनी विचारलं होतं. काजळीबद्दल तेव्हा कोणी विचारलं नव्हतं.

सात जणींपैकी सासू धरून चौघी हयात होत्या. त्या चौघींतल्या बाकी तिघींची गावं सासूने सांगितली. मी एकेकीला शोधत निघालो. पहिलीच्या दारात वही उघडली, तर ती घाईने आत जाऊन आधार कार्ड घेऊन आली.

“घरकुलाचा सर्वे होय ना?”

“नाही मावशी. खदानीचा इतिहास लिहून राहिलो.”

तिने कार्ड पदरात गुंडाळलं आणि माझ्याकडे जरा दयेने पाहिलं.

“मंग बसा,” ती म्हणाली. “चहा ठेवतो.”