अस्वल कोणत्या क्लासात घालायचं

आरमोरीपलीकडच्या एका वनपरिक्षेत्र कार्यालयात प्रफुल कंत्राटी कॉम्प्युटर ऑपरेटर होता. नागपूरला तीन महिन्यांचा प्रोग्रॅमिंगचा कोर्स करून आल्यापासून त्याला साधं असं काही सुचतच नसे.

काम मात्र अगदी साधं होतं. जंगलात झाडांना बांधलेल्या कॅमेऱ्यांचे फोटो रोज यायचे. वनरक्षक दिव्यानी प्रत्येक फोटोच्या फाइलच्या नावात जनावर, जागा आणि वेळ टाकायची, मग हाताने यादी लिहून ग्रामपंचायतीच्या फळ्यावर लावायची. मोहाचे दिवस होते. पहाटे फुलं वेचायला जाणाऱ्या बायका त्या यादीवरूनच वाट ठरवायच्या. "सोडा मॅडम, मी प्रोग्रॅम बनवतो," असं प्रफुलनं छातीठोकपणे सांगितलं आणि त्या दिवसापासून यादी बंद पडली.

त्यानं 'वन्यजीव' नावाचा क्लास, म्हणजे साचा, बनवला. त्यातून मांसाहारी आणि शाकाहारी काढले, मांसाहारीतून वाघ काढला. वाघाला डरकाळी फोडायची सोयही करून दिली. कशासाठी, ते वाघालाही सांगता आलं नसतं.

"प्रफुलभाऊ, नाव वाचाचं अन् छापाचं, एवढंच तं हाये," दिव्यानी म्हणाली. "आपल्याले वाघाकडून काही काम करून घ्याचं हाये का?"

"अन् उद्या हत्ती आले तं?"

"तं हत्ती लिहू!"

एवढं सरळ उत्तर प्रफुलला अडाणीपणाचं वाटलं. मग एका फोटोत अस्वल आलं. ते मुंग्याही खातं आणि मोहही. त्याला मांसाहारीत घालावं की शाकाहारीत? गडी दोन दिवस डोकं धरून बसला.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याची आई, वच्छलाबाई, लंगडत घरी आली. कोपर सोलून निघालं होतं, टोपली जंगलातच राहिली होती. मोहाखाली अस्वल होतं म्हणे.

धावत कार्यालयात जाऊन प्रफुलनं एकही क्लास न बनवता बारा ओळींचा प्रोग्रॅम लिहिला. वीस मिनिटांत यादी फळ्यावर लागली. त्याला स्वतःची भयंकर लाज वाटली.

दुपारी आई पाय शेकत बसली होती. "त्या अस्वलाचा फोटो नोयता आला का रे?"

"आला होता. परवा."

"मंग लावला काऊन नाई?"

प्रफुलनं मान खाली घातली. "ते मोह खाते का मांस, हे ठरवून राह्यलो होतो."

"मोह खाऊन राह्यलं होतं, मी पाह्यलं ना," आई म्हणाली. "जराशी थांबली असती, तं दुसरंही समजलं असतं तुले."