होल्स्टर दिसायला नको, पण दिसायला छान हवं!

जेद्दाच्या शराफिया भागात चामड्याच्या दुकानाच्या काउंटरवर बसलं, की किस्से शोधावे लागत नाहीत. ते स्वतःच दार ढकलून आत येतात आणि वर एसी वाढवायला सांगतात!

मी दापोलीचा. अरबी बरी येते म्हणून गिऱ्हाइकांशी बोलायचं काम माझ्याकडे. मागे मशिनवर बसतात शौकतचाचा. मूळचे रत्नागिरीचे, हातात जादू आणि तोंड तिखट. आम्ही पट्टे बनवतो, पाकिटं बनवतो, आणि परवाना असलेल्यांसाठी कपड्यांखाली कमरेला लावायचं पिस्तुलाचं होल्स्टर. आई मात्र गावात सांगते, "मुलगा पर्सच्या लाइनमध्ये आहे." सांगू दे!

नियम साधा आहे. खरं पिस्तूल दुकानात आणायचं नाही. आधी परवाना दाखवायचा, मग मॉडेल सांगायचं. त्या मॉडेलची निळी प्लास्टिकची डमी आमच्याकडे असते. तिच्यावर ओलं चामडं दाबून बसवलं, की होल्स्टर मापात येतं. यात न समजण्यासारखं काय आहे? पण नाही!

*

एक सिक्युरिटीवाले साहेब आले.

"मॉडेल कुठलं?" मी विचारलं.

"काळं."

"रंग नको. मॉडेल, मॉडेल!"

त्यांनी जरा विचार केला. "मीडियम."

मागून चाचा मराठीत ओरडले, "विचार त्याला, बनियन घ्यायला आलाय का?"

मी अरबीत सांगितलं, "चाचा म्हणतात, फोनमध्ये पिस्तुलाचा फोटो असेल तर बरं पडेल." अर्धा तास त्यांनी फोन चाळला. उंटांचे फोटो झाले, पुतण्याचं लग्न झालं. शेवटी फोटो सापडला.

पिस्तूल चंदेरी होतं!

*

होल्स्टर लटकतं पट्ट्याला. आणि इथला माणूस घालतो थोब, म्हणजे पायघोळ पांढरा अंगरखा, आणि आत इलॅस्टिकची विजार. पट्टा कुठाय?

हे मी एका गिऱ्हाइकाला तीनदा समजावलं. "थोबच्या आत पट्टा बांधा. चांगला रुंद, कडक. नाहीतर वजन पेलणार नाही."

"आत पट्टा? फार गरम होतं हो."

"मग लटकवायचं कशाला?"

"इलॅस्टिकला. क्लिप आहे ना!"

चाचांनी डमीत खऱ्या पिस्तुलाइतकं वजन भरलं, ती क्लिपवाल्या होल्स्टरमध्ये घालून त्यांच्या हातात दिली आणि म्हणाले, "यल्ला, चालून दाखवा." साहेब ट्रायल रूममध्ये गेले, थोबच्या आत क्लिप लावून रुबाबात बाहेर आले. एक पाऊल. दोन पावलं. तिसऱ्या पावलाला विजार घोट्यांवर!

थोब लांब, म्हणून अब्रू राहिली. तिथेच उभ्या उभ्या म्हणाले, "रुंद पट्टा दाखवा."

*

एक जण दर हप्त्याला यायचा. कोट घालून ड्यूटी करणारा, तरणाबांड. अट एकच, "कोटावरून अजिबात कळता कामा नये." चाचांनी चार वेळा कोन बदलला, पिस्तुलाची मूठ अंगालगत घेतली, पॅडिंग पातळ केलं. शेवटी असं बसलं, की मलाही ओळखता येईना.

आरशासमोर मागून-पुढून बघून झालं. मग म्हणाला, "खूप छान! आता यावर ससाण्याचं चित्र काढा. सोनेरी."

"जे कुणाला दिसणारच नाही, त्यावर?" मी म्हटलं.

"मेहुण्याला दाखवायचंय."

चाचांनी सुई खाली ठेवली आणि नाक्यावर चहा प्यायला निघून गेले. चांगले पाऊण तास आले नाहीत!

*

नवं होल्स्टर घट्ट असतं. असायलाच हवं. वापरून वापरून हळूहळू सैल पडतं, हे आम्ही कागदावर छापून देतो. कोण वाचतो?

एक गृहस्थ चार दिवसांत परत आले. होल्स्टर काउंटरवर ठेवलं आणि ते पसरलं! भिजलेल्या पोळीसारखं लोळागोळा झालेलं.

"काय लावलंत याला?"

"ऑलिव्ह ऑइल. घट्ट होतं ना."

"किती?"

"रात्रभर भिजत घातलं."

चाचांनी वास घेतला. माझ्याकडे बघून म्हणाले, "लसूणपण आहे रे यात!"

*

एकदा मात्र हसायला आलं नाही.

दुपारी एक माणूस आला. चेहरा उतरलेला. आमच्याकडे आधी आलेला, पण घट्ट नको म्हणून कुठून तरी सर्व मापांना चालणारी कापडी पिशवी घेऊन गेलेला. मशिदीत नमाज पढताना सज्द्यात, कपाळ टेकवायला वाकला आणि पिस्तूल सरकून चटईवर पडलं. शेजारी त्याचीच पाच वर्षांची मुलगी. तिने खेळणं समजून हात पुढे केला. पलीकडच्या म्हाताऱ्याने डोक्यावरचा रुमाल काढून त्यावर टाकला, वर आपला हात ठेवला आणि हलला नाही.

हे सगळं त्याने एका दमात सांगितलं. चाचा त्याला झापतील असं मला वाटलं. त्यांनी आधी पाणी दिलं. मग समोर बसून डमी होल्स्टरमध्ये घातली, उलटी धरली, गदागदा हलवली. पडली नाही. "ट्रिगर पूर्ण झाकलेला पाहिजे. कडक चामड्याने. बोट आत जाता कामा नये. कुणाचंच."

मी एकेक वाक्य अरबीत सांगत होतो. तो मान हलवत होता. त्याने रंगसुद्धा विचारला नाही.

*

आणि हे डोंगरावरच्या ताइफचे आजोबा. गुलाबांची बाग, पांढरी दाढी, आवाज खणखणीत. दोन वर्षांपूर्वी चाचांनी त्यांना होल्स्टर करून दिलेलं. परवा ते घाट उतरून थेट दुकानात, आणि आल्या आल्या होल्स्टर काउंटरवर टाकून सुरू!

"सैल आहे! वाकलो की पडतं! हे काम आहे?"

चाचांचा चेहरा लाल. तीस वर्षांत त्यांना कुणी सैल म्हटलेलं नाही. डमी आणली, होल्स्टरमध्ये घातली, उलटी धरली. पडली नाही. आपटली. पडली नाही. "सांग त्यांना," चाचा माझ्यावर ओरडले, "हे सैल असेल तर मी उद्याच रत्नागिरीला जातो!"

"मग माझं का पडतं?"

"तुमच्या परवान्यावर हेच मॉडेल आहे ना?"

"परवाना कसला? पिस्तूल मी कधीच पोलिसांत जमा केलं. बायको म्हणाली, घरात एक तर ते राहील नाहीतर मी."

चाचांनी हळूच विचारलं, "मग यात काय ठेवता?"

आजोबांनी थोबच्या खिशातून गुलाब छाटायची कात्री काढून काउंटरवर ठेवली.

चाचांनी कात्री उचलून दोनदा उघडमीट करून पाहिली. मग मापाची फीत गळ्यातून काढली आणि म्हणाले, "विचार त्यांना, डाव्या हाताने छाटतात की उजव्या?"