हात वर न करणारी माणसं

शाळेतली पोरं तिला पाठीमागे 'सरासरीबाई' म्हणायची आणि ते तिला ठाऊक होतं. गणित शिकवताना ती कुठल्याही आकड्याला सुखासुखी सोडत नसे. "कुठून आलास? कुणाला विचारून आलास?" असं ती फळ्यावरच्या आकड्याला दरडावायची, जणू तो वर्गात उशिरा शिरलेला मुलगाच. तिचा नवरा छापखान्यात होता. तो थट्टा करायचा, "मला होकार दिलास तोही आधी चार ठिकाणी चौकशी करूनच ना?" देवाधर्माच्या वाटेला दोघं कधी गेली नाहीत. कुणाशी वादही घातला नाही.

मग नवऱ्याची मूत्रपिंडं निकामी झाली. इस्पितळात खेटे घालता घालता वर्ष सरलं आणि तो गेला.

त्याच्या जाण्याने सगळ्यात जास्त रडला तो तिचा धाकटा दीर. त्याचं चष्म्याचं दुकान होतं. आवाज गोड आणि जीभ साखरेत घोळलेली. सुट्टीच्या दिवशी तो वाचनालयाच्या सभागृहात श्रद्धेवर व्याख्यानं द्यायचा आणि माणसं दाटीवाटीने बसून ऐकायची. सरासरीबाई कधी गेली नव्हती. पण एकदा तिची जाऊ, म्हणजे दिराची बायको, सरासरीबाईच्या मुलीला सोबत घेऊन गेली. मुलगी घरी येऊन जेवायला बसली. ताटातला घास तसाच ठेवून म्हणाली, "आई, आपण प्रार्थना केली असती तर बाबा वाचले असते?"

"कोण म्हणालं?"

"काका. म्हणाले, प्रार्थना करणाऱ्या शंभर आजाऱ्यांतले नव्वद बरे होतात. म्हणाले, माझ्या सख्ख्या भावाच्या घरात प्रार्थना नव्हती. पुढचं तुम्हाला माहीतच आहे. सगळे वळून माझ्याकडे बघत होते."

सरासरीबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. पण ती दिराच्या दारात जाऊन भांडली नाही. तिने डूख धरला.

पुढच्या व्याख्यानाला ती शेवटच्या रांगेत जाऊन बसली. त्याच्या पुढच्यालाही. नव्वदाचा आकडा कसा जन्माला येतो ते तिने डोळ्यांनी पाहिलं. दीर विचारायचा, "मोठ्या आजारातून कोण उठलं? हात वर करा." हात वर व्हायचे. "यातले प्रार्थना करणारे कोण?" बहुतेक हात तसेच राहायचे. प्रार्थनेच्या व्याख्यानाला प्रार्थना करणारेच येणार, नाहीतर कोण? आणि जे प्रार्थना करूनही गेले, ते हात वर करायला येणार कुठून? इतकं उघडं होतं की तिला हसू आलं. पण ते हसू तिने गिळलं. वाचनालयाच्या चिटणिसांकडे जाऊन म्हणाली, "भाऊजींशी जाहीर चर्चा करायची आहे. विषय त्यांचाच ठेवा."

दीर खूश झाला. "वहिनी, घरचाच सामना! मी हळू बोलेन हं."

त्या दिवशी सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पहिल्या रांगेत जाऊ बसली होती, तिच्या शेजारी सरासरीबाईची मुलगी. दिराने नेहमीप्रमाणे हात वर करायला लावले, नव्वदाच्या आसपासचा आकडा काढला आणि टाळ्या घेतल्या.

सरासरीबाई उठली. आकडा कसा फसवा आहे, हे ती शांतपणे समजावू शकली असती. घरून ठरवूनही तेच आली होती, असं निदान ती स्वतःला सांगत आली होती. पण समजावून त्याला काय लागणार होतं? ती म्हणाली, "ज्यांनी आपल्या माणसासाठी मनापासून प्रार्थना केली आणि तरी ते माणूस गेलं, त्यांनी उभं राहावं."

कुणी हललं नाही. मग औषधांच्या दुकानातले म्हातारे काठी टेकत उठले. मागून शिंपीण उठली. मग खुर्च्या सरकण्याचे आवाज येतच राहिले.

सरासरीबाई जावेकडे बघत होती. मटार सोलता सोलता एका दुपारी जावेने तिला आपल्या पहिल्या बाळाबद्दल सांगितलं होतं. त्याच्या पाळण्याशी बसून केलेली प्रार्थना, आणि पुढे नवऱ्याने बाळाचं नावही घरात काढू न देणं. हे दुसऱ्या कुणाला ठाऊक नव्हतं. सरासरीबाईने नजर हटवली नाही. जाऊ हळूच उभी राहिली.

दिराचं तोंड उघडंच राहिलं. "तू बस," तो म्हणाला. ती बसली नाही. व्याख्यानाचे कागद तिथेच टाकून तो मागच्या दाराने निघून गेला.

घरी येताना सरासरीबाईचं पाऊल जमिनीवर ठरत नव्हतं. इतक्या महिन्यांत तिला पहिल्यांदा कडकडून भूक लागली.

दुसऱ्या दिवशी दीर आला. उंबऱ्यातूनच म्हणाला, "तुम्हीही तेच केलंत, वहिनी. दुःखी होते तेच उभे केलेत. यातून काय सिद्ध झालं?"

"काहीच नाही," ती म्हणाली. "मला सिद्ध करायचंच नव्हतं. माझ्या पोरीकडे सगळे वळून बघत होते ना, तसं तुमच्याकडे बघायला हवं होतं."

तो आल्या पावली परत गेला. व्याख्यानं बंद पडली. आता तो दिवसभर दुकानात भिंगं पुसत बसतो, आणि त्याचं तिला आजही वाईट वाटत नाही.

जाऊ मात्र बऱ्याच दिवसांनी आली. पाणीसुद्धा घेतलं नाही. "त्याला हरवायचं होतं तर हरवायचंस. माझं बाळ कशाला लागलं तुला?"

सरासरीबाई काहीतरी बोलू गेली. जाऊ म्हणाली, "मी अजून प्रार्थना करते. तुझ्यासाठीही करायचे. आता होत नाही."

ती जिना उतरून गेली. मुलगी दाराआडून ऐकत होती. तिने विचारलं, "आई, परत तशीच वेळ आली तर करशील?"

"करीन," सरासरीबाई म्हणाली. मग ओट्याकडे वळली आणि पाठमोरीच म्हणाली, "फक्त पहिल्या रांगेकडे बघणार नाही."