तांडेलबाईंच्या ओट्यावर

तांडेलबाईंकडे घराची तक्रार घेऊन गेलेल्या माणसाचा पहिला अपमान ठरलेला असे. माणूस घाम पुसत प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसायचा, पिशवीतून फाइल काढायचा आणि सुरुवात करायचा, "मॅडम, त्याचं असं झालं, की आमच्या बिल्डरनं..." की बाई हात वर करायच्या. "तू नको सांगू. कागद हाय ना? मंग त्याला सांगू दे. वाच. मोट्यानं वाच."

मोठ्यानं म्हणजे ओट्यावर बसलेल्या सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं. खारघरच्या टॉवरांच्या मागे जे जुनं गावठाण आहे, तिथं बाईंचं वडिलोपार्जित घर. त्या घराच्या ओट्यावर दर बुधवारी सकाळी बाई लोकांना त्यांच्या घराच्या कज्ज्यांविषयी फुकट सल्ला देत. बाकीचे दिवस पनवेलच्या कोर्टात वकिली. ओट्याच्या एका खुंटीला काळा कोट, दुसऱ्या खुंटीला सुक्या बोंबलांची माळ, आणि मधे बाई. साठीच्या, ठेंगण्या, कपाळावर रुपयाएवढं कुंकू. कोर्टात त्या इतकं शुद्ध मराठी आणि इंग्रजी बोलत, की समोरचा वकील आपली वाक्यं मनात दुरुस्त करून मगच तोंड उघडे. ओट्यावर मात्र फक्त गावची बोली, आणि त्या बोलीत सगळ्यांना सरसकट 'तू'. नगरसेवकालाही तू आणि बँकेच्या मॅनेजरलाही तू. मी तळोज्याच्या एका कंपनीत स्टोअर्सला आहे, हे कळल्यापासून मला त्या 'कारखाना' म्हणायच्या. "ए कारखाना, सरक जरा, म्हातारीला बसू दे."

या वाचनाचा अनेकांना राग यायचा. वीस-पंचवीस वर्षं नोकरी केलेली माणसं आम्ही, शाळेतल्या पोरासारखे उभे राहून कलम चौदा काय वाचायचं? पण गंमत अशी की निम्मी भांडणं त्या वाचनातच संपत. एक जोडपं आलं होतं. पार्किंग मिळत नाही म्हणून बिल्डरला कोर्टात खेचायला निघालेलं. त्यांचं करारपत्र लाल कापडात गुंडाळलेलं होतं आणि पहिल्या पानावर हळदकुंकू वाहिलेलं. वास्तुशांतीच्या दिवशी त्यांनी ते देवघरात ठेवलं होतं, ते त्या दिवसापर्यंत तिथंच होतं. बाईंनी पदरानं कुंकू झटकलं आणि विचारलं, "पूजा केलीस ती बरी केलीस. वाचला कवा?" नवऱ्यानं वाचायला घेतलं. नवव्या पानावर 'पार्किंगविना' असा शब्द आला आणि त्याचा आवाज बसला. बायको त्याच्याकडे अशी बघत होती, की बाईंनाच त्याची दया आली. "चहा घे," त्या म्हणाल्या. "आता उगा कोर्टात जाऊन मार खाऊ नको. घरात खाशील तेवडा बास."

दुसरे एक गृहस्थ वरच्या मजल्यावरच्या शेजाऱ्यावर दावा लावायला आले होते, त्यांच्या बाथरूमचं पाणी यांच्या छतातून गळतं म्हणून. नोटिशीचे मसुदे त्यांनी स्वतःच तीन केले होते, तिसऱ्यात 'मानसिक छळ' हा शब्द सहा वेळा होता. बाईंनी तो मसुदा त्यांच्याकडून पूर्ण वाचवून घेतला, शांतपणे. मग म्हणाल्या, "छान लिवतंस. पन तुना वकील नको, पलंबर पायजे." आणि खरोखरच आपल्या भाचेजावयाला फोन लावून पाठवून दिलं.

बाई वाचायला का लावतात, याबद्दल माझी एक थिअरी होती. गावातल्या एकानं मला सांगितलं होतं, की त्यांचे वडील मिठागरावर काम करायचे, आणि नवं शहर आलं तेव्हा जमिनीच्या कागदावर त्यांनी अंगठा दिला तो दुसऱ्यानं वाचून दाखवलेल्या मजकुरावर. मला गहिवरून आलं होतं. एकदा ओटा रिकामा असताना मी बाईंना फार हळुवार आवाजात म्हणालो, "तुम्ही लोकांना वाचायला लावता, त्यामागं तुमच्या वडिलांचा तो अंगठा असणार." बाईंनी माझ्याकडे बघितलं. "मोतीबिंदू हाय रं माना," त्या म्हणाल्या. "दोनी डोल्यांना. आपरेशनला येल कुटं हाय?"

आता माझं काम सांगतो. ते सांगताना मला अजूनही थोडी लाज वाटते, पण बाईंबद्दल लिहायचं तर ते टाळून चालणार नाही.

मी आणि माझा धाकटा भाऊ विनू, आम्ही मूळचे कराडकडचे. नोकऱ्या लागल्या, आणि मुंबईत घर असल्याशिवाय मुलगी मिळत नाही असं सगळे म्हणायला लागले, म्हणून लग्नाआधीच दोघांनी घरं घेतली. मी कळंबोलीत, त्यानं खारघरला. सोसायटीचा फॉर्म भरताना त्यानं नॉमिनी म्हणून माझं नाव लिहिलं. तेव्हा त्याला दुसरं होतंच कोण? पुढं त्याचं सुलभाशी लग्न झालं, ओवी झाली, ती कॉलेजात गेली. त्या फॉर्मची कुणालाच आठवण राहिली नाही. दोन वर्षांपूर्वी विनू अचानक गेला. हार्ट अटॅक. ऑफिसला निघताना बूट घालत होता.

दिवसकार्य आटोपल्यावर त्यांच्या सोसायटीचे सेक्रेटरी मला बाजूला घेऊन म्हणाले, "टेन्शन घेऊ नका. नॉमिनी तुम्ही आहात. एक अर्ज द्या, फ्लॅट तुमच्या नावावर होऊन जाईल." मला खरंच वाटलं, की कायदा असाच असतो. आणि त्याच दिवशी सगळ्या नातेवाइकांसमोर मी जाहीर करून टाकलं, "घर माझ्या नावावर झालं तरी सुलभाला मी कधी बाहेर काढणार नाही." मामांनी माझ्या पाठीवर हात ठेवला. आत्या म्हणाली, देवमाणूस आहे. त्या रात्री मला फार छान झोप लागली, हेही लिहून टाकतो.

तेव्हापासून सुलभा मला विचारायला लागली. "दादा, खिडकीला जाळी लावली तर चालेल का?" "दादा, ओवीच्या मैत्रिणी दोन दिवस राहायला आल्या तर?" मी म्हणायचो, अगं विचारतेस काय, लाव की. आणि मनातून सुखावायचो. ज्या घरात ती अठरा वर्षं राहिली, तिथं खिळा ठोकायला तिला माझी परवानगी लागते आहे, हे मला दिसतच नव्हतं. घरी नीता, म्हणजे माझी बायको, हिशोब मांडायला लागली होती. नावावर झालं की तो फ्लॅट भाड्यानं देता येईल, सुलभा आणि ओवी आपल्याकडे राहतील, नाहीतर कराडला सुलभाच्या माहेरी. नीताच्या मनात वाईट काही नव्हतं. माझ्याही नव्हतं. आणि आमच्या या चांगल्या मनांपायी सुलभाचं घर जायची वेळ आली होती.

अर्ज बिनचूक असावा म्हणून मी बुधवारी तांडेलबाईंकडे गेलो. नॉमिनेशनचा फॉर्म वाचला. मोठ्यानं, खणखणीत. बाईंनी एकच प्रश्न विचारला, "त्या घरात आता कोन रातं?"

"भावाची बायको आणि मुलगी."

"तिला घेऊन ये. मंग बोलू."

पुढच्या बुधवारी सुलभा आली, खुर्चीच्या अगदी कडेला बसली. बाईंनी एक जाड पुस्तक माझ्या हातात दिलं, त्यात आगपेटीची काडी घालून खूण केली होती. "इथून वाच." मी वाचलं. नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. मूळ वारसांना त्यांचा हक्क मिळेपर्यंत त्यांच्या वतीनं घर सांभाळणारा विश्वस्त, असा काहीसा अर्थ होता. बाई म्हणाल्या, "परत." मी परत वाचलं. "आजून येकदा." तिसऱ्यांदा माझा आवाज ओट्याच्या बाहेर गेला नाही.

"काय समाजला?"

"वारस कोण ते..."

"बायको आन् पोरगी. आईबाप नायत ना तुमचे? मंग या दोगीच. तू राखनदार हायस, कारखाना. मालक ती बसलीय." आणि सुलभाकडे वळून त्या म्हणाल्या, "बाय, नीट बस खुर्चीवं. पडशील."

सुलभा मागं सरकून बसली. मग तिनं विचारलं, "म्हणजे मला कुणाला विचारायला नको?"

"इचार ना. चहात साखर किती ती पावन्याला इचार."

ओटा हसला. मी हसलो नाही. आता सुलभानं कोर्टातून वारस दाखला काढायचा आणि माझा काही हक्क नाही असं प्रतिज्ञापत्र मी सही करून द्यायचं, असं ठरलं. बाईंनी ते दोन दिवसांत तयार करून पाठवलं. आणि मी ते कपाटात ठेवून दिलं. कशासाठी, ते मला तेव्हाही सांगता आलं नसतं. कदाचित देवमाणूस हे पद सोडवत नव्हतं. सुलभाचा फोन आला की मी सांगायचो, कंपनीत ऑडिट आहे, या आठवड्यात बघतो. असे पाच आठवडे गेले. तिनं सहाव्या आठवड्यात फोन करणं बंद केलं.

एका रविवारी सकाळी कळंबोलीच्या आमच्या घराची बेल वाजली. दारात तांडेलबाई. हातात सोड्यांची, म्हणजे सुक्या कोळंबीची पुडी. मला वाटलं, आता हजेरी घेणार. पण बाईंनी कागदाचं नावच काढलं नाही. नीताला सोड्यांचं कालवण कसं करायचं ते सांगितलं, आमच्या गॅलरीतल्या तुळशीला पाणी जास्त होतंय म्हणाल्या, पोहे खाल्ले. निघताना चपला घालता घालता नीताला सहज विचारलं, "बाय, तुज्या या घराला नॉमिनी कोन हाय गं?"

नीता माझ्याकडे बघायला लागली. मी म्हणालो, "तूच असशील." बाई जिना उतरून गेल्या. नीतानं फाइल काढली. मी नको म्हणत असताना फॉर्म शोधला आणि वाचला, तोही मोठ्यानं. नॉमिनी: विनायक, नातं: भाऊ. एकाच महिन्यात दोघा भावांनी, घर असलं म्हणजे मुलगी मिळेल म्हणून घर घेतलेल्या दोघा भावांनी, एकमेकांची नावं लिहिली होती. आणि बायका आल्यावर एकालाही तो कागद बदलायचं सुचलं नव्हतं.

नीतानं फॉर्म माझ्यासमोर ठेवला. "म्हणजे विनूभाऊजींच्या जागी तुम्ही गेला असतात," ती म्हणाली, "तर जाळी लावायला मी त्यांना विचारत बसले असते. आणि तेही मला म्हणाले असते, अगं विचारतेस काय, लाव की."

तिनंच कपाटातून प्रतिज्ञापत्र काढलं, पेनाचं टोपण काढून पेन माझ्या हातात दिलं आणि म्हणाली, "उद्या रजा टाका." सोमवारी आम्ही दोघं पनवेलला जाऊन ते नोटरी करून आलो. आमच्या सोसायटीतला नॉमिनेशनचा नवा फॉर्मही नीतानं त्याच आठवड्यात भरून घेतला, माझ्या उजव्या खांद्याशी उभं राहून.

वारस दाखला यायला आठ महिने लागले. कोर्टात बाईंना मी तेव्हा प्रथमच कोटात पाहिलं. न्यायाधीशांशी त्या ज्या मराठीत बोलल्या ते ऐकून मला वाटलं, ही कुणी दुसरीच बाई आहे. सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर सुलभा आणि ओवीचं नाव लागलं त्या दिवशी आम्ही पेढे घेऊन ओट्यावर गेलो. सुलभा वाकून पाया पडली. मी मागं उभा होतो, बाई मला काहीतरी म्हणतील म्हणून. माझ्याच्यानं राहवेना. "झालं बाई, मोठं काम झालं," मी म्हणालो.

बाईंनी पेढा तोंडात टाकला. "तुजा काय मोटा काम?" त्या म्हणाल्या. "चोरी नाय केलीस, येवडाच."

पण माझ्या हातावर अर्धा पेढा ठेवला, आणि जाताना "कारखाना, बुधवारी ये मधून मधून, खुर्च्या मांडायला मानूस पायजे," असं म्हणाल्या. मी जायला लागलो. खुर्च्या मांडल्या, रांग लावली, ज्यांचा चष्मा घरी राहिला त्यांचे कागद वाचून दिले. मोतीबिंदूचं ऑपरेशन बाईंनी शेवटपर्यंत केलं नाही. गेल्या थंडीत न्यूमोनियाचं निमित्त झालं आणि आठ दिवसांत त्या गेल्या. मला फार वाईट वाटलं. माझी सख्खी माणसंही माझ्याशी इतकी खरी कधी वागलेली नाहीत.

भेटायला गेलो तेव्हा ओटा भरलेला होता. टॉवरांतली माणसं, गावातली माणसं, कोर्टातले कारकून. प्रत्येक जण बाईंनी आपलं काय काम केलं ते सांगत होता. कुणाचा ताबा मिळवून दिला होता, कुणाची बुकिंगची रक्कम सोडवली होती. सुलभा माझ्या शेजारी बसली होती. बाईंच्या बहिणीनं मला विचारलं, "आन् तुमचा कंचा काम केलता बायनं?"

माझ्या तोंडात वाक्य तयार होतं. 'भावाच्या बायकोला घर द्यायचं होतं.' ते तसंच्या तसं ओठांवर आलं आणि मी थांबलो.

"माझं काही काम नव्हतं," मी म्हणालो. "घर हिचंच होतं. मी मधे उभा होतो. बाईंनी मला बाजूला केलं."

मग सुलभा म्हणाली, "दादा लगेच सरकले हो पण. एका शब्दावर."

पाच आठवडे मी तो कागद कपाटात दडवून ठेवला होता आणि तिला फोनवर ऑडिटच्या सबबी सांगितल्या होत्या, हे तिथं फक्त तिला आणि मला ठाऊक होतं. बाईंच्या बहिणीनं माझ्याकडे कौतुकानं पाहिलं. मी खाली मान घातली आणि सुलभानं जे दिलं ते घेतलं.